न धुतलेली शलाका

पूर्वी अश्मक देशात सुबाहू राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व एका आडगावी वैद्याच्या कुळात जन्मला. नाव भद्रिक. डोळ्यांत अंजन घालायची चांदीची शलाका, म्हणजे काडी, त्याला बापाकडून मिळाली होती, आणि तिच्यासोबत एक दंडकही: ती कधी धुवायची नाही. धुतली की हातगुण जातो. त्याचे पाहून गावच्या बायकांनीही घरातल्या काजळाच्या काड्या धुणे सोडले होते. वैद्याच्या घरची रीत, ती चुकेल कशी!

त्या उन्हाळ्यात गावात डोळे येण्याची साथ आली. रोज सकाळी ओसरीवर रांग लागे आणि भद्रिक एकाच शलाकेने सगळ्यांना अंजन घाली. रोग हटेना, रांग मात्र वाढत गेली. भद्रिकच्या जिवाला घोर लागला. त्याला अन्न गोड लागेना, एका जागी बसवेना. सारखा आपला ओसरीवर येरझाऱ्या घाली.

नागदत्ता कुंभारीण आपल्या लेकीला, रेवाला घेऊन आली होती, ती डोळ्यांत नुसती धूळ गेली म्हणून. त्याने तिलाही अंजन घातले. तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे पुवाने चिकटले. भद्रिक चरकला. धुळीचा कुठे पू होतो?

त्याच्या ध्यानात आले, ओढ्यापलीकडच्या धनगरवस्तीवरून रांगेत एकही जण आलेला नव्हता. तो तडक तिकडे गेला. वारा तोच, धूळ तीच, पाणीही त्याच ओढ्याचे. आणि पोरांचे डोळे बघावेत तर लख्ख!

"आजी, तुम्ही कोणते औषध घालता?" त्याने एका म्हातारीला विचारले.

"कसले औषध न् कसले काय!" म्हातारी हसली. "चराईवरून तुमच्या गावाशी आमचे वाकडे. तुमच्या दारात पाऊल कोण टाकतो?"

भद्रिकला उलगडा झाला. जे त्याच्या दारात आले नाहीत, ते वाचले होते. रोग वाटत होती ती त्याचीच शलाका.

त्याने ही गोष्ट गावच्या मुख्याला सांगितली. मुख्याने त्याला कोपऱ्यात ओढले. "वेडे आहात का, वैद्यबुवा? परवा राजाकडून तुम्हाला राजवैद्याची वस्त्रे यायची आहेत. गुपचूप धुऊन टाका ती काडी. कोणाला कळणार आहे?"

"माझी धुतली जाईल हो! पण घरोघरच्या काड्यांचे काय? त्या माझेच पाहून न धुता तशाच राहणार."

दुसऱ्या सकाळी भद्रिकने ओसरीवर चूल मांडली आणि सगळ्यांदेखत शलाका उकळत्या पाण्यात टाकली. "हा रोग मीच तुमच्या घरी पोहोचवला," तो म्हणाला. "आपापल्या काड्या आणा."

कोणी शिव्या घातल्या, कोणी थुंकले. नागदत्ता पुढे झाली. "माझ्या पोरीचे डोळे परत देता का, वैद्यबुवा?"

राजवस्त्रे दुसऱ्याच कोणाला गेली. भद्रिक मात्र रोज कुंभारवाड्यात जाई, हात धुई, उकळून निवलेल्या पाण्याने रेवाचे डोळे पुशी, प्रत्येक डोळ्याला कापसाचा नवा बोळा घेई. तिचा उजवा डोळा वाचला; डाव्यात फूल पडून नजर गेली. काड्या उकळल्या जाऊ लागल्या आणि महिन्याभरात ओसरीवरची रांग संपली.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा तो गावचा मुख्य म्हणजे स्वतः फोडलेले भिक्षापात्र आज लपवू पाहणारा हा सोण. नागदत्ता म्हणजे ही भिक्षुणी पद्मा. आणि तो वैद्य मी होतो. रेवाचा डावा डोळा मी अजून विसरलेलो नाही. याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."

सोण उठला आणि फुटलेले पात्र घेऊन आला.