दारचा घास

फार पूर्वी एका गावी धवला गाय आणि काजळी म्हैस एकाच गोठ्यात नांदत. एका वर्षी दुष्काळ पडला, चारा संपला, आणि दूध आटल्यामुळे काजळीचे रेडकू क्षीण होत चालले.

“सखे, गाव उदार आहे,” धवला म्हणाली. “जेवणवेळी दारी नुसते उभे राहावे, हात जोडून घास देतात. तूच मेली भिडस्त!”

काजळी गेली आणि पाठीवर काठीचे वळ घेऊन परतली.

“चुकीच्या दारी गेली असशील,” धवला म्हणाली.

“तुझ्याच दारी गेले होते, बाई.”

“मी सोबत आले असते तर?”

“तर तुला घास मिळाला असता.”

रवंथ करणारी धवला थांबली. शेजारी रेडकू कोरडी कास चोखत होते. तोंडातला घास तिला गिळवेना.