रायबा कुंभाराला कुणी विचारलं?

डोंगराच्या पायथ्याशी कातळपूर नावाचं गाव होतं. तिथे मोरोशेठ नावाच्या व्यापाऱ्याची पेढी होती, आणि त्या पेढीवर अंताजी नावाचा कारकून होता.

पेढीचा धंदा हमीचा. आज आपण ज्याला विमा म्हणतो, तोच. घरमालकाने दर वर्षी ठरलेला हप्ता भरायचा. घराला आग लागली, तर पेढीने ते पुन्हा बांधून द्यायचं. गावात गवताची छपरं पुष्कळ, त्यामुळे बहुतेकांनी ही हमी घेतली होती.

पण कातळपूरला आगीखेरीज आणखी एक भय होतं. तिथली जमीन हलायची. वर्षातून दोन-चारदा फडताळातली भांडी वाजत, भिंतीचा पोपडा पडे. माणसं क्षणभर थांबत आणि पुन्हा कामाला लागत. पुष्कळ वर्षांपूर्वी शेजारच्या खोऱ्यात मोठा भूकंप झाला होता. घरं पडलेली माणसं आपापल्या पेढ्यांकडे धावली. पेढ्या म्हणाल्या, "तुमची हमी आगीची आहे, भूकंपाची नाही." माणसं म्हणाली, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

तेव्हा राणीसाहेबांनी हुकूम काढला. जी पेढी घराला आगीची हमी देईल, तिने त्या मालकाला भूकंपाचीही हमी हवी का, हे विचारलंच पाहिजे. लेखी विचारायचं आणि दर दोन वर्षांनी विचारायचं. हप्ता किती, नुकसानीतला किती वाटा मालकाने स्वतः सोसायचा, हे त्यात लिहायचं. मालकाने तीस दिवसांत 'हो' कळवलं, तर पेढीला मागे फिरता येणार नाही. त्याने काहीच कळवलं नाही, तर त्याला हमी नको आहे असं धरायचं.

मोरोशेठला हा हुकूम रुचला नाही. आग लागते ती एका घराला, फार तर दोन घरांना. भूकंप आख्खी आळी घेऊन जातो. त्याने अंताजीला बोलावलं.

"हुकुमात काय लिहिलंय? विचारावं. बरोबर?"

"होय शेठ."

"समजवावं, असं लिहिलंय का?"

"नाही शेठ."

"मग विचार."

अंताजीचं अक्षर पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. शेठच्या सांगण्यावरून त्याने ते बारीक केलं. दरबारी भाषेतली लांबच लांब वाक्यं लिहिली, तीही आगीच्या पावतीच्या पाठीवर. कागद वाटायला पेरणीचे दिवस निवडले, कारण तेव्हा माणसं उजाडताच रानात जात. अंताजी दारोदार फिरला आणि फटीतून एकेक कागद आत सरकवत गेला. तीस दिवस गेले. तीनशे घरांपैकी दोघांचं उत्तर आलं. बाकीच्यांच्या नावापुढे अंताजीने वहीत 'नको' लिहिलं. हुकूम पाळला गेला होता. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पावसाळा सरता सरता एक धक्का बसला. मोठा नव्हता, पण लाह्या-फुटाणे भाजणाऱ्या सगुणाबाईच्या घराची मागची भिंत खाली आली. ती पावती घेऊन पेढीवर आली.

"अंताजीभाऊ, भिंत पडली. गवंडी कधी पाठवता?"

"सगुणाताई, तुमची हमी आगीची आहे. भूकंपाची तुम्ही घेतली नाहीत."

"मला कुणी विचारलं कधी?"

अंताजीने पावती उलटी करून तिच्यापुढे धरली. "हे बघा. विचारलंय."

सगुणाबाईने कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. तिला वाचता येत नव्हतं. "मागे काहीतरी लिहिलंय, एवढं पाहिलं होतं. वाटलं, पेढीच्या कामाचं असेल," ती म्हणाली. "तुम्ही रोज माझ्या दुकानावरून जाता, अंताजीभाऊ. फुटाणे घेता. एकदा तोंडाने विचारलं असतं, तर काय झालं असतं?"

ती भांडली नाही, रडलीही नाही. घरी गेली आणि भिंतीच्या जागी गोणपाट बांधून तिने थंडी काढली. अंताजी त्यानंतर दुसऱ्या रस्त्याने पेढीवर जाऊ लागला. त्या रस्त्याने पाव कोस जास्त पडे.

दोन वर्षं झाली. पुन्हा विचारायची वेळ आली. या खेपेला अंताजीने शेठला न विचारता नवे कागद लिहिले. मोठं अक्षर, छोटी वाक्यं, आणि पावतीहून वेगळा कागद. दिवेलागणीला माणसं घरी आलेली असत. तेव्हा तो त्यांच्या ओसरीवर बसे, कागद मोठ्याने वाचे आणि मग विचारी, "हवी की नको? आत्ताच सांगायला हवं असं नाही. तीस दिवस आहेत."

सगुणाबाई पहिल्याच वाक्याला म्हणाली, "हवी."

"आधी पूर्ण ऐका," अंताजी म्हणाला. "नुकसानीतला दहावा वाटा तुम्हीच सोसायचा. अंगणाची भिंत आणि विहीर यात येत नाही. आणि हप्ता आगीच्या दीडपट."

तिने सगळं ऐकलं, बोटांवर काहीतरी हिशेब केला, आणि पुन्हा म्हणाली, "हवी."

जिवाजी सुताराने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "माझं घर सागाचं आहे. हलेल, पण पडणार नाही. नको." अंताजीने 'नको' लिहिलं, ते त्याला वाचून दाखवलं आणि पुढच्या घराकडे निघाला. कुणाला आग्रह केला नाही, कुणाला भीती घातली नाही.

शंभरावर घरांनी हमी घेतली. मोरोशेठ संतापला.

"तू माझं मीठ खातोस की राणीचं?"

"मी फक्त विचारलं, शेठ."

शेठला मागे फिरता येत नव्हतं. एवढा भार एकट्याने उचलायचा तर पहिल्याच भूकंपात पेढी बसली असती. तेव्हा तो कुरकुरत बाहेर पडला आणि लांबच्या पाच गावांतल्या पेढ्यांशी करार करून आला. हप्ता वाटून घ्यायचा, नुकसानही वाटून सोसायचं.

इकडे विचारायचं गावातलं एकच घर राहिलं होतं. ओढ्यापलीकडे रायबा कुंभार राहायचा. शेवटच्या दिवशी अंताजी तिथे पोचला, तेव्हा दार बंद होतं. रायबा मडकी घेऊन बाजाराला गेला होता. अंताजीचे पाय भरून आले होते. त्याने मनात म्हटलं, हा आगीचा हप्तासुद्धा रडतखडत भरतो. हा काय भूकंपाची हमी घेणार? याचं उत्तर 'नको'च असणार. त्याने कागद फटीतून आत टाकला आणि तो परतला. तीस दिवसांत रायबाकडून काही कळलं नाही. अंताजीने वहीत 'नको' लिहिलं.

पुढच्या चैत्रात, भर दुपारी, जमीन हलली. या वेळी ती लवकर थांबली नाही. माणसं रानात होती म्हणून वाचली. घरं मात्र सव्वाशे पडली. डोंगराकडची आळी तर उरलीच नाही.

सहा पेढ्यांनी मिळून गवंडी आणले. सगुणाबाईच्या घराचा पाया आठवड्यात भरला गेला. जिवाजी सुताराचंही घर पडलं होतं. तो ढिगाऱ्यावर बराच वेळ बसून राहिला. कुणीतरी त्याच्यापुढे पेढीला शिव्या दिल्या, तेव्हा तो म्हणाला, "मला विचारलं होतं. मीच नको म्हटलं." दुसऱ्या दिवशी त्याने करवत हातात घेतली आणि पडलेले वासे कापायला लागला.

मग दरबारातून अंमलदार आले. चिंचेखाली घोंगडी टाकून बसले. त्यांनी गावाला सांगितलं, "ज्याला रीतसर, म्हणजे कागद हाती पडेल आणि कळेल असं, विचारलं आणि ज्याने नको म्हटलं, त्याचं घर त्याने बांधायचं. ज्याला विचारलंच नाही, त्याला हमी दिलेली आहे असं धरून पेढीने बांधायचं." मग ते हमी नसलेल्या एकेकाला पुढे बोलावू लागले. बहुतेक जण जिवाजीसारखंच सांगून परत गेले.

रायबाची पाळी आली. तो हात जोडून उभा राहिला. "मला काही ठाऊक नाही, सरकार," एवढंच म्हणाला.

मोरोशेठने वही पुढे केली. "कागद दिला होता. तीस दिवस उत्तर नाही. इथे 'नको' लिहिलंय."

अंमलदारांनी वही पाहिली आणि अंताजीकडे वळून विचारलं, "तू विचारलं होतंस?"

कागद ढिगाऱ्यात गेला होता. साक्षीदार कुणी नव्हता. वही अंताजीच्याच सुंदर अक्षरातली होती. एक 'होय' म्हटलं की काम संपणार होतं. 'नाही' म्हटलं, तर नोकरी जाणार, हे शेठकडे न बघताही त्याला कळत होतं. रायबा तर त्याच्याकडे पाहतही नव्हता. त्याची तक्रारच नव्हती.

"नाही, सरकार," अंताजी म्हणाला. "रायबाला विचारलं नाही."

"वहीत लिहिलंय!" मोरोशेठ ओरडला.

"मीच लिहिलंय. दार बंद होतं. मी दमलो होतो. कागद आत टाकला आणि हा काय म्हणेल ते मीच ठरवलं."

अंमलदारांनी वही बाजूला ठेवली. मग त्यांनी रायबाला विचारलं, "तुला विचारलं असतं, तर काय म्हणाला असतास?"

रायबाने डोकं खाजवलं. "खरं सांगू, सरकार? त्या साली हात आखडलेला होता. कदाचित नको म्हटलं असतं."

"ऐकलंत ना?" शेठ म्हणाला.

"ऐकलं," अंमलदार म्हणाले. "कदाचित नको, म्हणजे कदाचित हो. त्यातलं काय, ते ठरवायचा हक्क याचा होता. तो तुमच्या पेढीने याच्या हातून काढून घेतला. घर पेढीने बांधावं. राहिलेले हप्ते रायबाने सवडीने भरावेत."

संध्याकाळी मोरोशेठने अंताजीला कामावरून काढून टाकलं. अंताजीने वही मिटून शेठपुढे ठेवली आणि घरी गेला. आपण चांगलं वागलो, असं काही त्याला वाटलं नाही. पाय दुखत होते एवढ्यासाठी एक माणूस घर गमावून बसला असता, हेच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

महिन्याभराने पाच गावांच्या पेढ्यांचा शेठला निरोप आला. कातळपूरच्या वहीतलं 'हो' आणि 'नको' त्या अंताजीने लिहिलं असेल, तरच आमचा करार पुढे चालेल. शेठने दोन दिवस विचार केला आणि अंताजीला परत बोलावलं. त्याविषयी दोघंही एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

पुढची खेप आली, तेव्हा अंताजी सगळ्यांत आधी ओढा ओलांडून गेला. रायबा नव्या घराच्या ओसरीवर चाक फिरवत होता. अंताजी त्याच्यासमोर बसला आणि त्याने सगळा कागद वाचून दाखवला. हप्ता सांगितला, दहावा वाटा सांगितला. रायबाने मध्येच चाक थांबवून दोन-तीन गोष्टी पुन्हा विचारल्या. मग तो पुन्हा चाक फिरवू लागला.

"नको," तो म्हणाला. "यंदा भट्टी नवी बांधायची आहे."

'आणि पुन्हा जमीन हलली तर?' हे अंताजीच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. कागदावर 'नको' लिहिलं, रायबाला वाचून दाखवलं, त्याचा अंगठा घेतला आणि पुढच्या घराकडे चालू लागला.

तात्पर्य: ज्याच्यावर विचारण्याची जबाबदारी आहे, त्याने समोरच्याला समजेल असं विचारावं आणि त्याचं उत्तर स्वतःच ठरवून टाकू नये. उत्तर 'हो' असो की 'नको', ते देण्याचा हक्क ज्याचं घर त्याचाच असतो.