वखारीतले उलटे शेटजी

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या वाट्याला असा एक शिष्य आला, की ज्याला प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर येत असे. तुम्ही नुसते "सांग बघू" म्हणालात की तो "बत्तीस" म्हणायचा. आणि वैताग असा, की बहुतेक वेळा बत्तीस हेच उत्तर निघायचे. आमटीत मीठ कमी पडले आहे हे तो वाढणारीच्या चेहऱ्यावरून सांगे. त्याच्याशी बुद्धिबळ खेळायला बसलेली माणसे पहिले प्यादे सरकवून घरी निघून जात. अशा माणसाबरोबर एका पंगतीला बसणे कठीण. त्याला शिक्षक करणे किती कठीण असेल, याचा विचार करा.

आणि त्याला नेमके शिक्षकच व्हायचे होते. त्याच्या गावकऱ्यांनी स्वतः दगड वाहून शाळा बांधली होती आणि दाराला कुलूप लावून किल्ली आचार्यांच्या हवाली केली होती. "आमचा मुलगा तयार झाला की किल्ली देऊन पाठवा," एवढाच त्यांचा निरोप. त्यालाही तीन वर्षे उलटली होती. दर सणाला गावाकडून विचारणा येई. मागच्या खेपेला तर शाळेच्या ओसरीत शेळ्या बसू लागल्याचे कळले होते. किल्ली आचार्यांच्या कमरेला, आणि शिष्याचा डोळा किल्लीवर.

"गुरुजी, मला अजून काय येत नाही, ते तरी सांगा," तो म्हणे.

"गप्प बसता," आचार्य म्हणत.

शेवटी आचार्यांनाच या रोजच्या कटकटीचा कंटाळा आला. ते म्हणाले, "हे बघ, ही शेवटची परीक्षा. या पेठेतली बारा मुले घे. त्यांना प्रकाशाचे शास्त्र शिकव, आणि तेही कोडी घालून. एक कोडे जरी मुलांनी आपले आपण सोडवले, तर किल्ली तुझी. मात्र सगळ्याच कोड्यांची उत्तरे तुझ्या तोंडून गेली, तर मी तुझ्या गावाला कळवीन, की बाबांनो, दुसरा मास्तर बघा."

गुळाचा हंगाम संपला होता. त्यामुळे पेठेतल्या एका व्यापाऱ्याने आपली रिकामी वखार पंधरा दिवसांसाठी या कामाला दिली. खिडकी नाही, झरोका नाही. रस्त्याच्या बाजूला एक लाकडी दार, समोर चुन्याची पांढरी भिंत, आणि आत मुंगळे. मुंगळे गूळ खाऊन इतके माजले होते, की मुलेच त्यांना वाट देत.

"गुरुजी, अंधारात प्रकाश शिकवायचा?" शिष्य हबकून म्हणाला.

"मग काय उन्हात शिकवतोस?" आचार्य म्हणाले आणि निघून गेले.

पहिल्या दिवशी शिष्याने एका खोल वाटीत पितळी बटण ठेवले. मुलांना मागे मागे सरकवून, बटण दिसेनासे होईल तिथे उभे केले. म्हणाला, "आता कुणी जागचे हलायचे नाही, बटणालाही हात लावायचा नाही. तरी ते दिसले पाहिजे. कसे?"

मुलांनी अजून डोकी खाजवायलाही घेतली नव्हती. शिष्याच्या जिभेला मात्र कळ निघू लागली.

"पाणी ओतायचे!" तो म्हणाला. "पाण्यातून बाहेर पडताना प्रकाश वाकतो, म्हणून बटण वर आल्यासारखे दिसते."

मुलांनी कोपऱ्यातल्या तांब्याकडे पाहिले.

"मग मास्तर," हणम्या नावाच्या मुलाने विचारले, "आता पाणी ओतायचं का प्यायचं?"

तांब्यातले पाणी त्यांनी पिऊन टाकले. बाकीचे दिवसही असेच गेले. सावलीचे कोडे, आरशाचे कोडे. प्रत्येक कोडे सकाळी जन्माला आले आणि दात यायच्या आत मास्तरांच्या हातून गेले. आठव्या दिवशी आचार्य चौकशीला आले, तेव्हा बारा मुलांनी एका सुरात "प्रकाश सरळ रेषेत जातो!" अशी आरोळी ठोकली. भिंतीवरचे मुंगळे क्षणभर थबकले.

त्यात गोदी नावाची एक मुलगी होती. तिने विचारले, "पण मास्तर, जातो ते बघितलं कुणी?"

"बघायचे काय त्यात? सरळ म्हणजे सरळ. पाटीवर लिही."

आचार्यांनी कपाळावर हात मारला आणि तोच हात कमरेच्या किल्लीवर घट्ट धरून ते घरी गेले.

नवव्या दिवशी सकाळी ते परत आले. कुणाशी एक शब्द न बोलता त्यांनी दार लावले, आतून कडी घातली, आणि दाराच्या फटींमध्ये जुन्या गोणपाटाच्या चिंध्या कोंबायला सुरुवात केली. फळीतली एक गाठ निखळून हरभऱ्याएवढे भोक पडले होते, तेवढे मात्र त्यांनी सोडले. मग जमिनीवर मांडी घालून बसले.

"गुरुजी, दिवा आणू?"

"नको."

"मग मुलांनी करायचे काय?"

"बसायचे. तूही बस."

थोडा वेळ कुणाला काही दिसेना. मग हळूहळू समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रंग उमटू लागले. रस्ता दिसू लागला, पण तो वर, आढ्याजवळ. खाली निळे आकाश. एक बैल चारी पाय वर करून शांतपणे चालत गेला. रस्त्यापलीकडच्या दुकानातून वखारीचे मालक खुद्द शेटजी बाहेर आले, लाल पागोट्यासकट, डोके खाली आणि जोडे वर. त्यांनी पानाची पिंक टाकली. ती वर, आढ्याकडे गेली.

"भूत!" हणम्या किंचाळला. "शेटजींचं भूत!"

"शेटजी जिवंत आहेत, त्यांचं भूत कसं होईल?" गोदी म्हणाली.

"मग कुणीतरी उलटं टांगलंय त्यांना!"

आपले नाव ऐकून शेटजी रस्ता ओलांडून वखारीकडे निघाले. ते जसजसे जवळ येत गेले, तसतसे भिंतीवरचे शेटजी मोठे होत गेले. शेवटी नुसते पोटच उरले. मुलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. दारावर धाडधाड थापा पडल्या, आचार्यांनी कडी काढली, आणि बारा तोंडांनी एकदम सांगितलेली हकिगत शेटजींनी ऐकून घेतली.

"म्हणजे वखार माझी," शेटजी म्हणाले, "फुकट दिली ती मी, आणि भिंतीवर उलटं टांगलंत तेही मलाच? पेठेत माझी काही अब्रू? ते काही नाही. मला सरळ करा. दुपारपर्यंत सरळ झालो नाही, तर हे बिऱ्हाड इथून उचला!"

"शेटजी, त्याचे असे आहे," शिष्याने घाईने सुरुवात केली, "हा प्रकाश जो आहे, तो..."

"तू बाहेर हो," आचार्य म्हणाले.

"पण गुरुजी, मला माहीत आहे!"

"म्हणूनच बाहेर हो. मुलांनो, शेटजी उलटे का, हे आजचे कोडे. ते सुटल्याशिवाय सरळ करण्याची गोष्ट नाही."

गोदीने शेटजींना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. म्हणाली, "शेटजी, तुम्ही मघाशी होता तिथेच जाऊन उभे राहा. आणि हलू नका."

"सरळ होईपर्यंत हलतो कशाला!" शेटजी गरजले. रस्त्यापलीकडे जाऊन भर उन्हात, तोंड वखारीकडे करून ते उभे राहिले. सूर्य समोरून डोळ्यांत येत होता. पण माणूस हट्टाला पेटलेला.

दार लागले. बाहेर शिष्य एकटा. आत कुजबुज चालू झाली. उत्तर त्याच्या जिभेवर गरम बटाट्यासारखे होते; गिळवत नव्हते, टाकायची सोय नव्हती. काय करताहेत हे तरी बघावे, म्हणून त्याने त्या भोकाला डोळा लावला.

"अंधार झाला!" आतून ओरड आली. "शेटजी गेले! कोण आहे ते?"

त्याने डोळा काढला. त्याला तरी काय दिसले होते? अंधारच. जरा वेळाने त्याने कान लावला.

"पुन्हा गेले! मास्तर, तुम्ही आहात ना? बाजूला व्हा की!"

"मास्तर!" रस्त्यापलीकडून शेटजी ओरडले. "झालो का मी सरळ?"

"अजून नाही, शेटजी!"

"ऊन चढतंय! दुपार झाली की मी कुणाचं ऐकायचा नाही!"

शिष्याच्या डोळ्यांपुढे आपल्या गावची शाळा आली, ओसरीतल्या शेळ्या आल्या. त्याने हिशोब केला. फक्त पाच-सहा शब्द. गोदीच्या कानावर हळूच घातले तर म्हाताऱ्याला कळायचेही नाही. तो वाकला, भोकाला तोंड लावले आणि श्वास घेतला.

आत तिसऱ्यांदा अंधार झाला. आणि त्या अंधारातून, अगदी दाराला लागून, गोदीचा रडवेला आवाज आला. "आत्ता मला काहीतरी सुचत होतं. जवळजवळ आलं होतं. आणि दिसायचंच बंद झालं."

शिष्य तसाच वाकून राहिला. घेतलेला श्वास छातीत तसाच. मग त्याने तो हळूहळू नाकाने सोडला, सरळ उभा राहिला, आणि भोकापासून दूर, चौकटीच्या कडेला जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने स्वतःचे तोंड स्वतःच्या हाताने धरले, आणि सांगणारे सांगतात की त्या बोटांचे वळ आठ दिवस त्याच्या गालावर होते.

किती वेळ गेला कोण जाणे. त्या भोकातून सुतळीचे एक टोक वळवळत बाहेर आले. गोणी शिवायची बारीक सुतळी, वखारीत पडलेली.

"मास्तर," गोदीचा आवाज, "हे टोक शेटजींच्या पागोट्याला बांधून या. आणि काही सांगू नका."

तो काही न सांगता बांधून आला. तोवर दुसरे टोक बाहेर आले होते.

"हे त्यांच्या जोड्याला."

"मी सरळ होतोय की तुम्ही मला मोट बांधून आत ओढताय?" शेटजी म्हणाले. शिष्याने ओठ मिटून मान हलवली. त्याला स्वतःलाच त्या मानेचा अर्थ कळला नसेल.

आत मुलांनी दोन्ही सुतळ्या ताणल्या. बाहेर शेटजींचे पागोटे एका बाजूला कलंडले, आणि ते त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवले. आत भिंतीवरच्या शेटजींनीही, खाली, पागोटे दोन्ही हातांनी धरले. एवढ्या वैतागातही हणम्याला हसू फुटले.

"हसू नको, ताण!" गोदी ओरडली. "माझी पागोट्याची. बघ, भोकातून नीट ताणली की कुठे येते? माझ्या गुडघ्याशी! आणि तुझी जोड्याची?"

"डोक्याच्या वर!"

"पागोटं उंच आहे, भोक त्याच्या खाली. मग तिथून सरळ येणारं खालीच जाणार! भोकात वाकायची सोयच नाही. जोड्याचं तसंच वर जाणार. ती दोघं भोकात एकमेकांना ओलांडतात!" मग जरा थांबून ती स्वतःशीच म्हणाली, "सरळ जातो म्हणून उलटं दिसतं. म्हणजे तो खरंच सरळ जातो."

त्यानंतर वखारीत जो गोंगाट झाला, त्याने म्हणे मुंगळ्यांनी ती वखार कायमची सोडली.

आचार्यांनी दार उघडले. शेटजी सुतळ्यांसकट आत आले. "झालो का सरळ?"

"शेटजी," गोदी म्हणाली, "तुम्ही सरळच होता. भिंतीवर जाताना सगळ्यांचं असंच होतं. बसा इथे. मास्तर, तुम्ही जाऊन उभे राहा."

शिष्य रस्त्यापलीकडे जाऊन उन्हात उभा राहिला. भिंतीवर उलटा लटकलेला मास्तर बघून शेटजी इतके खूश झाले, की त्यांनी वखार आणखी महिनाभर देऊन टाकली. नंतर ते रोज सकाळी आत येऊन बसू लागले. दुकानातला नोकर डुलक्या घेतो तो कधी, हे त्यांना आता घरबसल्या कळू लागले होते, उलटे का होईना.

सगळे पांगल्यावर आचार्य आणि शिष्य वखारीच्या पायरीवर टेकले.

आचार्य म्हणाले, "तू तीनदा आड आलास. एकदा डोळ्याने, एकदा कानाने, एकदा तोंडाने. आतल्यांना काय दिसले?"

"काहीच नाही."

"त्यांना उजेड यायला वाट तेवढीच होती. तुझा डोळा चांगला आहे, कान चांगला आहे, आणि उत्तर तर अगदी बरोबर आहे. त्याने काय होते? हरभऱ्याएवढे भोक बुजवायला बरोबर उत्तरही पुरते."

त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि पुढे केली.

शिष्याचा चेहरा उजळला. "समजले, गुरुजी! म्हणजे याचे तात्पर्य असे, की शिक्षकाने..."

किल्ली मागे गेली.

शिष्याने तोंड मिटले. रस्त्यावरून मघाचाच बैल परत चालला होता, पाय खाली आणि पाठ वर. दोघे त्याच्याकडे बघत बसून राहिले. बैल कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला, तरी कुणी काही बोलले नाही.

मग ती किल्ली हळूच पुन्हा पुढे आली.