भोपळेवाली आवडी

फार वर्षं झाली. किती, ते पाणसऱ्यात कोणालाच सांगता यायचं नाही. एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणतो, माझ्या आज्याच्या आजीनं तिला पाहिलं होतं. आणि आज्याच्या आजीलाही विचारलं असतं, तर तिनंही तेच सांगितलं असतं, असं म्हणतात.

पाणसरं हे गाव समुद्राला टेकलेलं आहे, पण समुद्र घरातून दिसत नाही. मध्ये वाळूची लांबलचक टेकडी आहे आणि तिच्या अलीकडे तीन तळी आहेत, थोरलं, मधलं आणि धाकटं. तिन्ही चिंचोळ्या वाटांनी एकमेकांना जोडलेली. धाकट्या तळ्याला एक तोंड आहे, त्यातून भरतीला समुद्र आत येतो आणि ओहोटीला निघून जातो. येताना पाहुण्यासारखा हळू येतो. जाताना मात्र हाताला लागेल ते ओढून नेतो. थोरल्या तळ्यात एक बेट आहे, बेटावर देवी आहे, आणि वैशाखात तिची जत्रा भरते. त्या दिवशी सगळा गाव होड्यांत बसून बेटावर जायचा, नारळ द्यायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत उगाचच पाण्यावर हिंडायचा. वर्षभर ज्या होडीत मासळी आणि लाकडं, तिच्यात त्या दिवशी नवी लुगडी आणि अबोलीचे गजरे.

या गावात आवडी लग्न होऊन आली ती घाटाच्या पायथ्याहून. तिच्या माहेरी पाणी म्हणजे विहिरीतलं, पोहऱ्यात मावेल एवढं. इथलं पाणी बघून ती चार पावलं मागे सरली. नवऱ्याचं नाव धर्माजी. माणूस कष्टाळू, पण तोंडातून शब्द निघायचा तो तळ्यातून मासा निघावा तसा, कधीतरी एखादा. सासू आधीच गेलेली. घरात एक लहानगा दीर होता, जनू. आवडीनं माप ओलांडलं त्या दिवशीच तो तिच्या पदराला येऊन चिकटला आणि मग सुटलाच नाही. तिनंच त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, तापात रात्री जागवल्या. पुढे तिला स्वतःचं मूल झालं नाही. पण त्याची खंत तिनं कधी बोलून दाखवली नाही. जनू होता ना.

जनू वाढला तो अर्धा घरात आणि अर्धा पाण्यात. पाणमांजरासारखा पोहायचा. वैनीला होडीत बसवून फिरवायची त्याची मोठी हौस. ती होडीचा काठ मुठीत घट्ट धरून बसायची, डोळे अर्धे मिटून, आणि तो हसायचा.

एका जत्रेला असंच झालं. जनूला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. होडीत माणसं जास्त होती, पण जत्रेच्या दिवशी नको कोणाला म्हणायचं? परतताना धाकट्या तळ्यावरून चक्कर मारून जाऊ, असं पोरांनी धरलं. तिथे कांदळवनाच्या कडेला पाणमांजरांची जोडी खेळत होती, पिल्लांना पाठीवर घेऊन. एकानं बोट दाखवलं. सगळे उभे राहिले. सगळे एकाच बाजूला झुकले. आवडीही झुकली. भीती विसरून ती पहिल्यांदाच काठ सोडून उठली होती.

होडी पालथी झाली.

जनूनं पहिल्यांदा वैनीला वर काढलं आणि तिचे हात पालथ्या होडीवर ठेवले. म्हणाला, "काठ धरून रव वैनी. मी इलंयच." मग तो एका पोराला घेऊन आला. मग एका बाईला. मग आणखी एका पोराला. तोवर ओहोटी लागली होती. शेवटचं माणूस त्यानं होडीपाशी आणून सोडलं आणि स्वतः काठाला हात घातला, पण तो हात काठाला लागला नाही. दमला होता. तळ्याच्या तोंडानं त्याला ओढून नेलं.

बाकी सगळे वाचले. जनूचा देह पुढच्या भरतीबरोबर कांदळवनात परत आला.

त्यानंतर गावानं पाणीच टाकलं. गावचा प्रमुख अंताजी गावकर कडक माणूस, पण काळजाचा वाईट नव्हता. त्यानं देवळासमोर सगळ्यांना बोलावून सांगितलं, की यापुढे पाण्यात जायचं ते पोटासाठी, मजेसाठी कोणी जायचं नाही. बायकापोरांनी होडीत पाऊल ठेवायचं नाही. देवीची पूजा एकटा पुजारी करून येईल. कोणी वाद घातला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मग जत्रा भरायची ती काठावर, आणि लोक पाण्याकडे पाठ करून खाजं खायचे. पाणसऱ्यात पोहता न येणारी पोरं वाढायला लागली. एवढं पाणी चहूकडे, आणि गाव त्याला भिऊन बसलेलं.

आवडी मात्र रोज काठावर जाऊन बसायची. लोक म्हणायचे, तिला वेड लागणार. तिला वेड लागलं नाही. तिनं माहेरून येताना एक सुकलेला कडू भोपळा आणला होता, बी ठेवायला. तिकडे तशी रीतच होती. एका सकाळी तिनं त्यातलं बी झटकून काढलं, त्याचं तोंड राळेनं बंद केलं, त्याला काथ्याची दोरी बांधली आणि भोपळा छातीशी धरून ती पाण्यात उतरली. घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. मग कमरेपर्यंत येऊन उभी राहिली.

धर्माजी जाळं खांद्यावर टाकून तिथून चालला होता. तो थांबला.

"काय करतंस हय?"

"पाणी शिकतंय."

धर्माजी म्हणाला, "पाण्यान आमचो जनू न्हेल्यान."

"पाण्यान नाय," आवडी म्हणाली. "आमी सगळी उठान एका बाजूक गेलंव. आणि माका पोहूक येत असता, तर तो इतको दमलो नसतो."

धर्माजीनं जाळं खाली ठेवलं. तो पाण्यात उतरला, तिच्या पाठीखाली दोन्ही तळहात धरले आणि म्हणाला, "आंग सैल सोड. मी धरलंय." भाऊ गेल्यापासून तो तिच्याशी एवढं एका वेळी बोलला नव्हता. ती आडवी झाली. कानात पाणी शिरलं, वर आभाळ होतं. दोघंही रडली, पण पाण्यात रडलेलं कोणाला दिसत नाही.

अशी आवडी पाणी शिकली. आधी तरंगायला, मग पोहायला, मग वल्हं मारायला. बंदी होती, पण तिला वेडी समजून कोणी अडवलं नाही. धर्माजी आणि ती मिळून तिन्ही तळी फिरली. कुठे वाळूचा दांडा पाण्याखाली दडलाय, कुठे पाणी गप्प दिसतं पण खालून ओढतं, हे तिनं पायांनी चाचपून पाहिलं. जिथे होडीला वाट आहे तिथे तिनं दोन्ही बाजूंना बांबू रोवले आणि त्यांच्या शेंड्याला पांढऱ्या चिंध्या बांधल्या. आणि धाकट्या तळ्याच्या तोंडाशी तिनं आणि धर्माजीनं जाड मेढी ठोकल्या, एकीला लागून एक, आणि त्यांच्यावर तिनं आपलं लग्नातलं तांबडं लुगडं फाडून बांधलं. इथून पुढे जायचं नाही, हे आंधळ्यालासुद्धा कळावं म्हणून.

झटकलेलं बी वाळूच्या टेकडीवर पडलं होतं. त्याचा वेल उगवला. वाळूत भोपळा येतो हे खरं, पण हा वेल असा माजला, की टेकडी दिसेनाशी झाली. असं म्हणतात, की उन्हाळा-पावसाळा, तिन्ही त्रिकाळ त्याला भोपळे असायचे, आणि आवडीनं एक तोडला, की दुसऱ्या दिवशी त्याच देठाला दुसरा धरलेला असायचा. ती ते सुकवायची, आतून कोरायची, राळेनं बंद करायची, आणि दोन-दोन जोडून ठेवायची. एक छातीला, एक पाठीला. घराच्या आढ्याला इतके भोपळे लटकायचे, की वारा आला की घर वाजायचं.

बायका चोरून यायला लागल्या. आधी एक, मग चार. गावकराच्या कानावर ते गेलं. तो रागावला, पण त्याच वर्षी त्याच्या घरातच एक गोष्ट घडली.

त्याची म्हातारी आई होती, जिवीआजी. सुकून चिंच झालेली, पण जिभेला धार. ती अंथरुणाला टेकली होती. जत्रा जवळ आली तशी तिनं लेकाला हाक मारली आणि म्हणाली, "अंत्या, माका बेटार जावचा आसा. देवीक सांगूचा आसा, मी येतंय म्हणान."

गावकरानं तिला खूप समजावलं. तिच्या नावानं ओटी पाठवतो म्हणाला. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं आणि जेवण सोडलं. तेव्हा तो कडक माणूस उन्हातून चालत धर्माजीच्या अंगणात आला. त्यानं आवडीला सगळं सांगितलं. शेवटी एवढंच विचारलं, माझ्या आईला सुखरूप नेशील का?

आवडी म्हणाली, की वारा आणि पाणी माझ्या हातात नाही. माझ्या हातात आहे तेवढं सगळं करीन.

त्या जत्रेला आवडीनं होडी काढली. जिवीआजी, तिच्या दोन नाती, सोबतीला शेजारच्या तीन बायका. त्याहून जास्त कोणाला तिनं घेतलं नाही, काठावर कितीजणींनी गळ घातली तरी. प्रत्येकीला तिनं आधी भोपळे बांधले. आजीच्या थोरल्या नातीनं नवं लुगडं चुरगळेल म्हणून कुरकुर केली. आवडीनं तिच्या हनुवटीला हात लावला आणि दोरी आणखी एक वेढा आवळली. काठावरची माणसं हसली. पोट पुढे, कुबड मागे, अशी सगळ्यांची सोंगं दिसत होती. जिवीआजी सगळ्यांत जास्त हसली.

देवीचं दर्शन झालं. आजीनं देवीच्या कानात काय सांगितलं ते कोणाला कळलं नाही. परतीची होडी थोरल्या तळ्याच्या मध्यावर आली आणि घाटाकडचं आभाळ काळंठिक्कर झालं. वैशाखातला वळीव असा येतो, सांगून येत नाही. वारा पाण्यावर आडवा पडला. होडी पानासारखी हलायला लागली.

"कोणी उठू नको," आवडी म्हणाली. ती ओरडली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बसान रवा. एकामेकाची दोरी धरा."

पोरी रडत होत्या, पण उठली कोणी नाही. होडीत पाणी भरत गेलं आणि शेवटी होडी त्यांच्या खालून निघून गेली. पण कोणी बुडालं नाही. सात जणी एकमेकींच्या दोऱ्या धरून पाण्यावर राहिल्या, मध्ये जिवीआजी. ओहोटी लागली होती. पाण्यानं त्यांना ओढायला सुरुवात केली, थोरल्या तळ्यातून मधल्यात, मधल्यातून धाकट्यात. काठानं गावकर धावत होता, धर्माजी धावत होता, पण होडी लोटायला वारा देत नव्हता. पुढे तळ्याचं तोंड होतं आणि तोंडापलीकडे समुद्र.

आणि तोंडाशी त्या मेढी होत्या. फाटकं तांबडं लुगडं वाऱ्यात फडफडत होतं. सगळ्या जणी मेढींवर जाऊन आदळल्या, आवडीनं एकीला मिठी मारली, आणि दोऱ्यांनी जोडलेली ती बायकांची माळ तिथे अडकली.

असं म्हणतात, की त्या वेळी पाणमांजरं आली आणि त्यांनी आजीला खालून पाठ दिली. कोणी म्हणतात, पाणमांजरं नव्हेत, टेकडीवरचा वेल पाण्यात उतरला आणि मेढींना गुंडाळला. आवडीनं याबद्दल कधी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त धर्माजीला एकदा म्हणाली, की हात सुटत होता तेव्हा माझ्या मनगटावर कोणाची तरी मूठ होती, मी ती ओळखली. धर्माजीनं तिचं मनगट आपल्या हातात घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

वळीव आला तसा गेला. माणसं होड्या घेऊन पोचली. गावकरानं आईला उचलून घेतलं तेव्हा ती ओलीचिंब, एवढीशी झालेली. त्यानं विचारलं, आये, बरी आहेस ना? तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या खांद्यावरून ती आवडीला म्हणाली, "परत कधी न्हेतलंस गो?"

गावकर हसायला लागला, आणि हसता हसता काठावरच्या वाळूत बसला. त्या दिवसापासून बंदी कोणी उठवली नाही आणि कोणी पाळलीही नाही. जिवीआजी त्यानंतर तीन जत्रा जगली आणि तिन्ही वेळा बेटावर गेली.

आवडी खूप म्हातारी झाली. शेवटपर्यंत ती धक्क्यावर बसून पोरांना भोपळे बांधायची. डोळे गेले तेव्हा दोरी चाचपून गाठ घालायची. ती गेली त्या पावसाळ्यात टेकडीवरचा वेल सुकला, पण त्याचं बी घराघरात होतं. पाणसऱ्यात आजही मूल चालायला लागलं, की त्याची आई त्याला पहिल्यांदा होडीत बसवते. त्या दिवशी वल्हं बापानं धरायचं नाही, आईनं धरायचं, आणि काठावरच्या सगळ्या बायकांनी गुडघाभर पाण्यात उभं राहायचं.

आता तिथे पाहुणे येतात, मुंबईहून, पुण्याहून. होड्यांना इंजिन आलं आहे. भोपळे जाऊन नारिंगी जाकिटं आली आहेत. पण गावात त्या जाकिटाला जाकीट कोणी म्हणत नाही. पाहुणा घाईनं होडीत पाय टाकतो, तेव्हा होडीवाला इंजिनावरचा हात काढून घेतो आणि म्हणतो, "पयली आवडी घाला."

पाहुण्याला कळत नाही. तो विचारतो, आवडी म्हणजे काय?

मग होडीवाला जाकीट त्याच्या गळ्यात घालतो, पट्टे आवळतो, आणि पाणी कापत जाता जाता सांगायला लागतो, की फार वर्षं झाली, आमच्या गावात घाटाच्या पायथ्याची एक सून आली होती, आणि तिला पाण्याची फार भीती वाटायची.