आधी शेपूट बघा

माळावर माणसाची वाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या बाभळीवर सात सातभाई पक्षी राहत. त्यांचा रिवाजच असा, की एकानं ओरडायचं आणि बाकीच्यांनी न बघताच त्याच्याहून मोठ्यानं ओरडायचं. छातीवर पट्टे असलेला राखाडी पक्षी दिसला, की "शिक्रा! खाईल!" करत सगळे घरटं टाकून पळत. परत येऊन बघावं, तर घरट्यात एक अंडं जास्तच!

एकदा थोरल्या भागाक्काचा पंख दुखत होता. तिला पळता येईना, म्हणून ती पानांआड बसून राहिली. राखाडी पक्षी फांदीवर उतरला, शेपूट डावीउजवीकडे हलवलं, एक सुरवंट मटकावला आणि घरट्याकडे सरकला.

"अगं बाई, ही तर पावशाची बायको! अंडं घालायला येते, आणि आम्ही शिक्रा समजून पळतो!" भागाक्कानं तिला टोचून पिटाळलं. परतलेल्यांना सांगितलं, "शिक्रा दगडासारखा बसतो. शेपूट हलवते ती ही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच पक्षी आला. सगळे छाती काढून सरसावले. "आली पावशीण! हाणा तिला!"

"आधी बसू तर द्या," भागाक्का म्हणाली. "शेपूट बघू."

पक्षी बसला. सातही जणांनी शेपटावर नजर लावली. शेपूट काही हललं नाही.

सातही भाई काट्यांत शिरले आणि कुणी चकार शब्द काढला नाही. माळावर तेवढी शांतता त्याआधी कधी झाली नव्हती, आणि नंतरही झाली नाही.