ठकूबाईचं बिनचुलीचं घर

फार जुन्या काळी बालाघाटाच्या पायथ्याला करडवाडीत ठकूबाई नावाची बाई राहायची, असं म्हणतात. नवरा तरणाच गेला होता, पदरी लेकरू नव्हतं. शेत होतं, दोन म्हशी होत्या, आणि जीभ तर गावात सगळ्यांहून लांब होती. पण एक दुःख होतं. एकटीनं जेवायला बसलं की घास तिच्या घशाखाली उतरायचा नाही.

म्हणून तिनं नवं घर बांधायला काढलं. दोन हात जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला आणि वर पांढऱ्या मातीचं पक्कं धाबं. "अख्खं गाव बसलं पायजे हितं," असं ती गवंड्याला बजावायची आणि एकेक खोली सोप्यातच, म्हणजे पुढच्या बैठकीच्या दालनातच, घालायची.

घरभरणीला गाव लोटलं. जेवण शेजारच्या अंगणात शिजलं होतं. जेवता जेवता शेजारची राहीबाई म्हणाली, "ठके, तुझी चूल कुठाय गं?"

ठकूबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. चुलीला जागाच ठेवायची राहिली होती! धूर जायला धाब्यात भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात, तेही नव्हतं. गाव पोट धरधरून हसलं.

पाटील मात्र हसले नाहीत. "ज्या घराचा धूर वर जात न्हाई, ते आपल्या गावात घर धरत न्हाईत. पुनवेपर्यंत धूर दिसला पायजे. न्हाईतर ही जागा चावडीला घेऊ."

गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "आता साणं पाडायचं तर मधली तुळई तोडावी लागंल. धाबं डोक्यात यील, बाई."

घर गेलं तर पुन्हा जुन्या घरातली तीच भिंत आणि तेच एकटीचं ताट, या विचारानं ठकूबाईला रडू फुटलं.

पुनव जवळ आली आणि झड लागली. अशी झड, की साण्यांवरची झाकणं वाऱ्यानं उडाली. घराघरात पाणी शिरलं, चुली विझल्या. गावात एकच धाबं कोरडं राहिलं. ज्याला साणंच नाही ते गळणार कुठून?

ठकूबाई दारात उभी राहून ओरडू लागली, "या की आत! काय मुहूर्त बघताय?" माणसं आली, लेकरं आली, शेळ्या आल्या. शेवटी पागोटं पिळत पाटीलही आले. माणसं वाढली तसा सोपा लांबत गेला, असं म्हणतात. भिंती मागं सरकल्या, आठ खांबांचे सोळा झाले. ज्यानं त्यानं फडक्यातली शिळी भाकरी, कांदा, ठेचा सोडला आणि एका पंगतीला गाव जेवलं. ठकूबाई तर इतकी जेवली, की तिला उठवायला दोघी लागल्या.

पाऊस उघडला ती पुनवेची सकाळ होती. ओल्या माणसांची, शेळ्यांची, घोंगड्यांची वाफ दारातून निघाली ती डोंगराच्याही वर चढली. आग लागली समजून पलीकडच्या गावचे लोक घागरी घेऊन धावत आले.

ठकूबाईनं पदर खोचला. "काय पाटील, ह्यो धूर धरता का?"

पाटलांच्या तोंडात राहीबाईची भाकरी होती. ती गिळून ते म्हणाले, "धरला की! असला धूर माझ्या घरातनं कधी निघायचा?"

ठकूबाई पुढं पुष्कळ जगली आणि एकटीनं कधी जेवली नाही. ते घर अजून उभं आहे, आणि तिथं आजही कुणी चूल मांडत नाही. करडवाडीत कुणाचं माणूस जातं, कुणाची लेकरं शहराकडं निघून जातात, मागं कुणीतरी एकटं उरतं. गाव त्याला काही विचारत बसत नाही. तिन्हीसांजेला शेजारीपाजारी आपापली भाकरी घेऊन ठकूबाईच्या सोप्यात बसतात आणि त्याच्या नावानं हाक मारतात, "चल बाबा, पंगत खोळंबलीय."