बाकावरचा गैरहजर

सारं गाव त्याला पैलवान म्हणायचं. आडनाव गवसणे, एवढं ठाऊक होतं; पण आपलं कागदावरचं नाव प्रल्हाद आहे, हे तो साठ वर्षांत विसरूनच गेला होता. त्यापायी त्याच्या विहिरीची वाट जायची वेळ आली. शेजाऱ्याने वाटेवर दावा लावला. तारखेला शिपायाने तीनदा पुकारा केला, कोणी उठलं नाही आणि हुकूम एकतर्फी झाला.

हुकूम रद्द करून घ्यायला पैलवान कोर्टात उभा राहिला. "साहेब, त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावरच होतो. पुकारा ऐकलासुद्धा. मनात म्हटलं, आपल्याच आडनावाचा कोण हा बेजबाबदार माणूस?"

शेजाऱ्याचे वकील दाभोळे कोट सावरत हसले. "स्वतःचं नाव न कळणारा माणूस! धादांत खोटं आहे, साहेब. हा घरी लोळत होता."

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही हजर होता, याला साक्षीदार कोण?"

"हे वकीलसाहेबच."

"मी?"

"तिसऱ्या पुकाऱ्यानंतर तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, 'असल्या गाढवाची वाट गेलेलीच बरी.'"

वकिलांचा चेहरा उतरला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगणार कोण? बाकावर मी एकटाच होतो. 'अगदी बरोबर बोललात' म्हणून सरकून तुम्हाला जागासुद्धा मीच दिली."

न्यायाधीशांनी हसू दाबत एकतर्फी हुकूम रद्द केला. आपण गाढव असल्याचं भर कोर्टात सिद्ध करून पैलवान ताठ मानेने बाहेर पडला.